सकाळी जुळवलेला एसएलएम दुपारी का बिनसतो

एसएलएम म्हणजे स्पेशियल लाइट मॉड्युलेटर, प्रत्येक पिक्सेलला उजेडाची फेज (लहर किती पुढंमागं आहे ते) बदलणारा पडदा. आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणंही हेच आहे का ते लगेच कळेल.

सकाळी सव्वादहाला फेजचं कॅलिब्रेशन केलं, म्हणजे कोणत्या ग्रे लेव्हलला (पिक्सेलला दिलेल्या ० ते २५५ मधल्या आकड्याला) किती फेज मिळते त्याचा तक्ता बनवला. तक्ता लोड केला, सोळा पिक्सेलची ग्रेटिंग (दर सोळा पिक्सेलला फिरून येणारा पट्ट्यांचा नमुना) लावली, उजेड जवळपास सगळा पहिल्या ऑर्डरमध्ये, म्हणजे बाजूला वळलेल्या पहिल्या ठिपक्यात गेला. डबा खाऊन अडीचला परत आलो. लेझर तोच, फाइल तीच, टेबलाला कुणी हात लावलेला नाही. आणि मधोमध झिरो ऑर्डरचा, म्हणजे न वळलेल्या उजेडाचा ठिपका पुन्हा डोळे वटारून बघतोय. परत कॅलिब्रेशन केलं, जुळलं. सातला लॅब बंद करण्याआधी बघितलं तर पुन्हा बिघाड, आणि या वेळी त्याची तऱ्हाच वेगळी.

आमची लॅब परभणीत, एका कॉलेजच्या वरच्या मजल्यावर. डोक्यावर थेट तापलेला स्लॅब. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आमचा मॉड्युलेटर जर्मनीतच बनलेला, त्यामुळं ही म्हण एकाच टेबलावर खरी झाली. फक्त माहितीपत्रकातले आकडे तिकडच्या खोलीतले आणि चालवायचा इकडं, मे महिन्यात, बाहेर पारा बेचाळीसच्या पुढं असताना. “पीसच खराब आलाय” असं मी विक्रेत्याला दोनदा मेलवर कळवलं होतं. पीस खराब नव्हता. एकाच वेळी चार गोष्टी बिघडत होत्या आणि मी चारींचं खापर त्याच्या माथी फोडत होतो.

मांडणी साधी आहे. ६३२.८ नॅनोमीटरचा हीलियम-निऑन लेझर, पोलरायझर (एकाच दिशेत थरथरणारा उजेड पुढं सोडणारी गाळणी), बीम मोठा करणारी दोन भिंगं, परावर्तन करणारा लिक्विड क्रिस्टल मॉड्युलेटर (१९२० गुणिले १०८०, पिक्सेल ८ मायक्रॉनचा) आणि २०० मिलिमीटरची लेन्स. सोळा पिक्सेलची ग्रेटिंग लावली की लेन्सच्या फोकसवर पहिली ऑर्डर मधल्या ठिपक्यापासून जेमतेम १ मिलिमीटरवर पडते. दोन्ही ठिपके वेगळे मोजायचे तर मध्ये बारीक छिद्राची पट्टी लावावी लागते, नाहीतर डिटेक्टर दोघांचा उजेड एकत्रच गिळतो.

उजेड मोजू नका, अंधार मोजा

मॉड्युलेटर कसा चालतोय हे बघायचं म्हणजे पहिल्या ऑर्डरची एफिशियन्सी मोजायची, असंच आपण शिकतो. मीही वर्षभर तेच केलं. पण ती ऑर्डर फार लबाड आहे, आतलं दुखणं चेहऱ्यावर दाखवत नाही.

हिशोब करून बघा. या ग्रेटिंगमध्ये फेज करवतीच्या दातांसारखी चढते, आणि प्रत्येक दात ३६० अंश फेजचा हवा. (इथं 2π म्हणून ‘दोन पाय’ लिहिलं तर वाचणारे भलतंच समजतील, म्हणून अंशच लिहितो.) समजा उष्णतेनं तो ३२४ अंशांवर आला, म्हणजे दहा टक्के घसरला. पहिली ऑर्डर आदर्श १०० वरून ९६.७ वर येते. तेवढा फरक लेझरच्या स्वतःच्या चढउतारात झाकून जातो. पण त्याच वेळी झिरो ऑर्डर शून्यावरून १.२ टक्क्यांवर जाते. दात २८८ अंशांवर घसरला तर पहिली ८७.५ आणि झिरो ५.५. जिथं काहीच नसायला पाहिजे तिथं काहीतरी दिसायला लागणं, हे भरलेल्या हंड्यातलं पाणी चार बोटं कमी झाल्यापेक्षा लवकर कळतं.

म्हणून आता मी आधी दोन पायऱ्यांची ग्रेटिंग लावतो. अर्धे पट्टे ग्रे लेव्हल शून्यावर, अर्धे एका लेव्हलवर, आणि ती लेव्हल शून्यापासून २५५ पर्यंत चढवत झिरो ऑर्डर नोंदवत जातो. फरक १८० अंशांचा झाला की झिरो ऑर्डर तळाला जाते आणि दोन्ही बाजूंच्या पहिल्या ऑर्डर प्रत्येकी ४०.५ टक्के होतात. फरक ३६० अंश झाला की झिरो पुन्हा पूर्ण उजळते. या एकाच वक्रातून अख्खं कॅलिब्रेशन निघतं, इंटरफेरोमीटरसारखं वेगळं उपकरण लागत नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. तळ नेमका कुठं आहे हे तळाशी जाऊन शोधू नका, तिथं वक्र सपाट असतो आणि वाचनांच्या बारीक चढउतारात बोट कुठंही ठेवता येतं. दोन्ही उतारांवर सारख्या उंचीच्या लेव्हल घ्या आणि त्यांचा मध्य काढा. दुसरं, तळ कधीच पूर्ण काळा होत नाही. पुढच्या काचेवरून परत आलेला उजेड आणि पिक्सेलमधल्या फटींतून आलेला उजेड कोणत्याही फेजला तिथंच पडतो. तो मोजून वजा करावा असा मोह होतो, पण तोही त्याच लेझरचा, त्याच लयीतला (कोहेरंट) उजेड आहे. बाकीच्या उजेडात मिसळून तो कधी भर घालतो, कधी खातो, सरळ वजाबाकी चालत नाही.

एफिशियन्सीच्या आकड्याबद्दल इथंच बोलून घेतो, कारण आमच्या दोन विद्यार्थ्यांचं यावरून आठवडाभर वाजलं होतं. एकाचं उत्तर ४८ टक्के, दुसरीचं ८०. दोघंही बरोबर. मॉड्युलेटरवर १० एकक उजेड पडतोय, कोरा पडदा असताना मधल्या ठिपक्यात ६ परत येतो, आणि ग्रेटिंग लावल्यावर पहिल्या ऑर्डरमध्ये ४.८ जातो, असं धरा. पडलेल्या उजेडानं भागलं तर ४८, कोऱ्या पडद्याच्या ठिपक्यानं भागलं तर ८०. पहिल्यात आरसा किती उजेड खातो आणि फटींतून किती जातो तेही येतं. पिक्सेलचा ९३ टक्के भागच काम करत असेल तर फटींपोटीच मधल्या ठिपक्यात ०.९३ चा वर्ग, म्हणजे ८६ टक्क्यांच्या आसपास उरतो. दुसऱ्यात फक्त फेजचा कस लागतो. दिवसभराच्या घसरणीसाठी दुसरा आकडा घ्या, प्रयोगाला लेझर किती ताकदीचा लागेल ते ठरवायला पहिला. पण कशानं भागलं ते लिहिल्याशिवाय आकडा कुणाला देऊ नका.

पहिला संशयित: लेझर

हा सगळ्यात स्वस्तात तपासता येतो, तरी मी फार उशिरा तपासला. मॉड्युलेटरवर कोरा, एकाच ग्रे लेव्हलचा पडदा लावा आणि अर्धा तास नुसती पॉवर नोंदवा. आमची पॉवर आधी भराभर आणि मग हळूहळू वर-खाली होत होती, झोक्यासारखी.

कारण असं. आमचा लेझर पोलराइज्ड नव्हता. अशा नळीत शेजारशेजारच्या मोडचं (नळीत टिकणाऱ्या एकेका कंप्रतेच्या उजेडाचं) पोलरायझेशन, म्हणजे थरथरायची दिशा, एकमेकांना काटकोनात असतं. नळी तापून लांबते तसे मोड सरकतात आणि उजेड एका दिशेतून दुसऱ्या दिशेत झुकत राहतो. नळीचा एकूण उजेड जवळपास स्थिर असतो, पण आपण पुढं पोलरायझर लावतो ना, त्यातून जाणारा वाटा हलतो. नळी अर्ध्या तरंगलांबीनं, म्हणजे मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाएवढी वाढली की मोडची रांग एक घर पुढं सरकते. सुरुवातीला ती झपाट्यानं वाढते, म्हणून झोके भराभर येतात.

आता इथं परभणीची भर पडते. दुपारी पाच मिनिटं जरी लाइट गेली, तरी नळी निवते आणि झोके पहिल्यापासून सुरू. आमचा कॉम्प्युटर यूपीएसवर होता, लेझर साध्या बोर्डावर. लाइट आली की लेझर आपोआप चालू व्हायचा, पडद्यावर काही फरक दिसायचा नाही आणि मी चुकीच्या पॉवरवर वक्र काढत बसायचो.

उपाय दोन. लेझर यूपीएसवर घ्या आणि सुरू केल्यावर पाऊण तास त्याच्याकडं बघूही नका. आणि पोलरायझरच्या पुढं एक काच लावून थोडा उजेड दुसऱ्या फोटोडायोडवर घ्या, प्रत्येक वाचन त्यानं भागा. काच पोलरायझरच्या आधी लावली तर काही उपयोग नाही, ती झोक्याची भलतीच बाजू मोजते. पोलराइज्ड नळी घेता आली तर प्रश्नच मिटला. आम्हाला ती पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये मिळाली.

दुसरा संशयित: कॉम्प्युटर

संध्याकाळचा बिघाड वेगळा होता म्हणालो ना. दुपारची घसरण तासाभरात हळूहळू व्हायची. संध्याकाळी मात्र थोड्याच मिनिटांत मोठी उडी, आणि तीही रोज पावणेसातच्या सुमारास. मी याला इमारतीतल्या व्होल्टेजचा दोष समजलो, स्टॅबिलायझर बदलला, काही झालं नाही.

एक दिवस वक्र चालू असताना मी लॅपटॉपसमोरच बसलो होतो. पडदा पिवळसर व्हायला लागला, आणि मीटरवरचा आकडा त्याच वेळी हलायला लागला. नाइट लाइट! डोळ्यांना त्रास नको म्हणून मीच कधीतरी सूर्यास्तापासून चालू केलेलं. ते निळा कापतं, थोडा हिरवाही कापतं, आणि जोडलेल्या दुसऱ्या डिस्प्लेलाही लागू होतं. आमचा मॉड्युलेटर ग्राफिक्स कार्डाच्या दृष्टीनं एक साधा मॉनिटर, आणि तो फक्त हिरवा चॅनेल वाचतो. मी पाठवलेली २०० ची लेव्हल त्याच्यापर्यंत २०० म्हणून पोचतच नव्हती.

याच जातीच्या बाकीच्या चुका पटापट सांगतो. कार्डाच्या सेटिंगमध्ये पूर्ण रेंज आहे का बघा, १६ ते २३५ ची मर्यादित रेंज असेल तर वक्राची दोन्ही टोकं चेपतात. स्केलिंग १०० टक्केच हवं, १२५ असेल तर एक पिक्सेल एका पिक्सेलवर बसत नाही आणि बारीक ग्रेटिंग धुरकट होते. कलर प्रोफाइल काढून टाका. आणि पॅटर्न जेपेगमध्ये साठवू नका, पीएनजी किंवा बीएमपीच. जेपेग ग्रेटिंगच्या कडा खातं, आणि ते पडद्यावर डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

मामांनी सांगितलेली गोष्ट

ठिपका दुपारी थरथरायचाही. मी टेबलाचं कंपन धरून बसलो होतो, खाली रबर घातलं, वाळूची पोती रचली. आमच्या लॅबचे मामा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, “सर, कूलर बंद केला की तुमचा ठिपका गप बसतोय बगा.”

खरंच होतं. खिडकीतल्या कूलरची ओली गार हवा तापलेल्या हवेत शिरून थेट बीमच्या वाटेत घोळत होती. गार-गरम हवेचे पट्टे म्हणजे हलती भिंगंच. कूलर बंद ठेवणं मेमध्ये शक्य नाही, माणसंच आडवी होतील. आम्ही मॉड्युलेटरपासून लेन्सपर्यंतची वाट थर्मोकोलच्या लांब खोक्यात झाकली. मॉड्युलेटरची पाठ मात्र खोक्याबाहेर ठेवली, का ते पुढं येतं. थरथर बंद झाली. वाळूची पोती अजून कोपऱ्यात आहेत.

कूलरनं धूळही येते. मॉड्युलेटरच्या काचेवरची धूळ हवा मारायच्या छोट्या रबरी पंपानंच उडवा. पहिल्या महिन्यात मी ती लेन्सच्या कापडानं पुसली होती, तो ओरखडा आजही प्रत्येक चित्रात दिसतो.

खरा आरोपी: उष्णता

वरचे तिन्ही दोष काढले तरी दुपारची संथ घसरण राहिलीच. म्हणजे आता जे उरलं ते खरोखर मॉड्युलेटरमधलं.

लिक्विड क्रिस्टलचे लांबट रेणू एका दिशेत शिस्तीत उभे असतात, म्हणून एका पोलरायझेशनच्या उजेडाला ते दुसऱ्यापेक्षा जास्त उशीर करतात. व्होल्टेज दिलं की ते कलतात आणि उशीर बदलतो. आपली फेज म्हणजे हा उशीरच. तापमान वाढलं की शिस्त ढिली पडते. दोन दिशांमधल्या अपवर्तनांकाचा फरक कमी होतो आणि तेवढ्याच ग्रे लेव्हलला फेज कमी मिळते. शिवाय द्रव पातळ होतो, त्याचं पुढं सांगतो.

कळीचा मुद्दा असा की खोलीचं तापमान इथं कामाचं नाही. ड्रायव्हरचं इलेक्ट्रॉनिक्स आणि पडणारा उजेड मॉड्युलेटरला आतून तापवतात. आम्ही साध्या मल्टिमीटरचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) मॉड्युलेटरच्या धातूच्या पाठीवर टेपनं चिकटवला. चालू केल्यापासून तासभर तर पाठ तापतच राहते. मी दहाला चालू करून सव्वादहाला कॅलिब्रेशन करत होतो, म्हणजे तक्ता बनायच्या आधीच शिळा.

मग एक दिवस फक्त यालाच दिला. सकाळी नऊपासून सहापर्यंत दर अर्ध्या तासानं दोन पायऱ्यांच्या ग्रेटिंगचा वक्र काढला आणि शेजारी पाठीचं तापमान लिहिलं. १८० अंश देणारी लेव्हल सकाळी १२० च्या आसपास होती, ती दुपारी तीनला १३० च्या पुढं गेली, आणि ऊन उतरल्यावर परत येऊ लागली. घड्याळाशी लावून आलेख काढला तर वेडावाकडा, पाठीच्या तापमानाशी लावला तर जवळपास सरळ रेषा. हा आलेख आला त्या दिवशी मी विक्रेत्याला माफीचा मेल लिहिला.

रेषा मिळाली की काम सोपं. आता आमच्याकडं एकाऐवजी पाच तक्ते आहेत, पाठीच्या वेगवेगळ्या तापमानांचे, आणि प्रोग्राम थर्मोकपल वाचून दोन जवळच्या तक्त्यांमधून मधला काढतो. मॉड्युलेटर गार करण्यापेक्षा तो स्थिर ठेवणं जास्त महत्त्वाचं आहे. पाठ खोक्याबाहेर ठेवली ती याचसाठी, नाहीतर खोक्यात तो दिवसभर तापतच राहील. त्यावर एक छोटा पंखा, एकाच वेगानं, पाठीकडूनच. एसी असेल तर छान, पण कमी व्होल्टेजला दर वीस मिनिटांनी बंद पडणारा एसी नसलेलाच बरा.

आणि मेमधला तक्ता डिसेंबरात वापरू नका. परभणीची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही, पण पारा एक आकड्यात उतरतो तेव्हा सकाळी मॉड्युलेटर बदललेल्या चित्राला तयारच नसतो. घट्ट झालेला द्रव कलायला वेळ घेतो आणि मागचं चित्र पुढच्यात राहतं. पॅटर्न पाठवल्यावर मोजण्याआधी थांबायची वेळ थंडीत वाढवा.

अजून दोन तपासण्या

पोलरायझेशनची दिशा. मॉड्युलेटरनंतर एक पोलरायझर पहिल्याशी काटकोनात लावा आणि ग्रे लेव्हल चढवा. काटकोनातून येणारा उजेड लेव्हलबरोबर बदलत असेल तर तुमचा उजेड रेणूंच्या दिशेत पडत नाहीये. पहिला पोलरायझर फिरवून तो बदल नाहीसा होईपर्यंत जुळवा. पाच मिनिटांचं काम आहे.

फ्लिकर, म्हणजे उजेडाची बारीक लुकलुक. पॉवर मीटर सरासरी दाखवतो, त्यात हे कधीच दिसत नाही. डिजिटल ड्राइव्हचे मॉड्युलेटर व्होल्टेज सलग न देता स्पंदांत देतात, आणि रेणू त्या स्पंदांबरोबर थोडे डोलतात. गरम, पातळ द्रवात जास्त डोलतात, म्हणून दुपारी झिरो ऑर्डरचा तळ आणखी वर येतो आणि तो कोणत्याही तक्त्यानं खाली जात नाही. बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड, १० किलोओहमचा रोध आणि ऑसिलोस्कोप एवढ्यात हे दिसतं. मात्र आधी खोलीतले दिवे बंद करा. आपल्या ५० हर्ट्झच्या लाइनवर दिवे १०० हर्ट्झनं लुकलुकतात, आणि एका विद्यार्थ्यानं दोन दिवस ट्यूबलाइटचाच अभ्यास केला होता. कॅमेऱ्यानं मोजत असाल तर एक्सपोजर फ्रेमच्या पूर्ण पटीत ठेवा, ६० हर्ट्झला १६.७ मिलिसेकंदांच्या. त्यापेक्षा छोटं घेतलं तर कोरिलेशनचं शिखर, म्हणजे दोन चित्रं जुळली की उमटणारा उजळ ठिपका, प्रत्येक फोटोत वेगळ्या उंचीचं येईल आणि तुम्ही चित्रं जुळवणाऱ्या फिल्टरला दोष द्याल.

हे सगळं केल्यावर कोरिलेशनचं शिखर सकाळी आणि दुपारी जवळपास सारखं यायला लागलं. फेज-ओन्ली फिल्टर वापरत असाल, १९८४ मध्ये हॉर्नर आणि जियानिनो यांनी मांडला तो, तर त्याची सगळी भिस्त फेजवर असते, ३६० चे ३२४ झाले की त्याला लगेच जाणवतं.

आमच्या नोंदवहीत आता प्रत्येक वाचनापुढं चार रकाने आहेत: पाठीचं तापमान, संदर्भ फोटोडायोड, कशानं भागलं, आणि शेवटचा मामांनी स्वतः आखलेला, ‘लाइट कधी गेली’. तो सगळ्यात लवकर भरतो.